शेवटचं माणूस येईपर्यंत

दहिवली, ता. कर्जत
२७ डिसेंबर २०२४

चि. मनोज यास,
दादाचा सप्रेम सलाम.

माझ्या फोनवरून तुला फोन लागत नाही. माझ्या रोहिणीच्या फोनवरून लागतो, असं ती म्हणते. म्हणजे बिघाड यंत्रात नाही. म्हणून पोस्टाने लिहितो आहे. दहिवली ते खालापूर अंतर ते किती, पण पत्राला चार दिवस लागतात म्हणे.

परवा नाताळ झाला. उपासनेला गर्दी होती. घरी मी सगळं लावलं आहे, आईच्या पद्धतीने. कुंडीतल्या करवंदाच्या झुडपावर कापूस ठेवला. नवे पाळक आले होते, ते म्हणाले, "मास्तर, इथे बर्फ कुठला?" मी म्हटलं, "कर्जतमध्ये बर्फ फक्त मासळीवाल्यांकडे. पण आमच्या आईने एका भेटकार्डावर पाहिला होता." बाळ येशूच्या गव्हाणीला या वर्षीचा नवा पेंढा घातला. मेंढ्या आपल्याकडे कधीच नव्हत्या, ते पिठोरीच्या बाजारातले मातीचे दोन बैलच आहेत. चकल्या रोहिणीने नाशिकहून पाठवल्या.

तारा एक तारखेलाच, पहिल्या रविवारी, आंब्यावर चढवला. कामट्या जुन्याच, कागद नवा, लाल. दोरी शेजारच्या धाऊने ओढली, कारण मान वर केली की मला गरगरतं. चढवताना मी ते आपलं म्हटलं:

चढ रे ताऱ्या आंब्यावर,
दिसू दे घर वाटेवर.

तू सहा वर्षांचा असताना दुसरी ओळ "आई बसली चकल्यांवर" अशी म्हणायचास आणि मी तुला मात्रा मोजून दाखवायचो. मात्रा बरोबर भरायच्या, हीच तर अडचण होती.

आता कामाचं. येत्या १८ जानेवारीला रोहिणी मला कायमचं नाशिकला नेणार आहे. शहात्तर वर्षांच्या बापाने एकटं राहू नये, असं तिचं म्हणणं, आणि गेल्या पावसाळ्यात मी मोरीत पडलो तेव्हापासून मला उलट बोलता येत नाही. घराला कुलूप लागेल. तेव्हा या घरातला हा शेवटचा नाताळ.

तू येईपर्यंत तारा उतरवणार नाही.

तुला नियम सांगायला नको, पण उजळणी घेतल्याशिवाय मास्तरला पुढचा धडा सुरू करता येत नाही. बाबा रेल्वेत, घाटात गाडीला मागून रेटा देणाऱ्या इंजिनावर. सणाला त्यांना सुट्टी कधी मिळाली नाही. कधी अठ्ठावीसला यायचे, एकदा तर नऊ जानेवारीला आले. मंडळीतल्या सगळ्यांचे तारे माळ्यावर गेलेले आणि आपला एकटा झाडावर. आई म्हणायची, "शेवटचं माणूस उंबऱ्याच्या आत आलं की मग उतरवा." आणि शेवटी येणाऱ्यानेच दोरी सोडायची. रिकामा आंबा दिसला की रस्त्यावरून जाणाऱ्याला कळायचं, उजागऱ्यांकडे सगळे पोचले, आता कोणाची वाट बघत नाहीत.

२०१३ साली तू रस्त्यावरूनच परत गेलास. तेव्हा आंबा रिकामा दिसला असेल. आदल्या दिवशी वारा फार होता, तारा खाली आला. हे तुला सांगायचं राहून गेलं.

ये.

तुझा दादा,
शांतवन

—

दहिवली
४ जानेवारी २०२५

चि. मनोज यास,
सप्रेम सलाम.

तुझं कार्ड मिळालं. अकरा वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. अजून उजवीकडे कलतं.

मजकूर दोन ओळींचा, त्यामुळे पाठ झाला. "वाऱ्याने तारा पडला असता तर दोरी झाडाला लोंबत राहिली असती. दोरी गुंडाळून ओट्यावर ठेवलेली होती, तुम्ही गुंडाळता तशी, आठच्या आकड्यात."

रस्त्यावरून तुला एवढं दिसलं. शिवणयंत्रं दुरुस्त करणाऱ्याचे डोळे.

बरं, वारा नव्हता. कागद विरला होता. तुझी वहिनी म्हणाली, फाटका तारा बरा दिसत नाही, उतरवा, म्हणून मी उतरवला.

इथवर लिहून उठलो. चहा केला, प्यायलो आणि परत बसलो. वहिनीला जाऊन सहा वर्षं झाली. तिच्यावर हे घालणं बरोबर नाही. ती त्या दिवशी चुलीपाशी होती. मी दोरीला हात घातला तशी बाहेर येऊन म्हणाली, "अहो, भावजी उद्या यायचेत ना? मग आजच कशाला सोडता?" कागद विरलाय, हे मी तिला सांगितलं. तिने कागदाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आत गेली. तुझ्या वाटणीच्या करंज्या तिने जानेवारीभर डब्यात ठेवल्या होत्या. वास यायला लागला तेव्हा गाईला घातल्या.

तिच्या मातीला तू आलास. कबरस्तानाच्या फाटकाशी उभा राहिलास, मूठभर माती टाकलीस आणि घरी न येता गेलास. मी हाक मारली नाही. मारायला हवी होती.

तारा अजून वर आहे. काल धाऊ म्हणाला, "मास्तर, आता हुळीपातूर ठेवताय का काय? पोरं इचारत्यात, ह्यांचा नाताळ सपत कसा नाय?" मी म्हटलं, एक माणूस यायचं आहे. तो म्हणाला, "मनोजच ना? मंग ठेवा. हुळीला बी काय भरवसा नाय."

चेष्टा करतो, पण रोज दिवेलागणीला बटण दाबायला तोच येतो.

पहाटे नदीवर धुकं असतं. चौथीच्या वर्गाला थंडीवरची कविता या दिवसांतच शिकवायचो, आधी मुलांना पटांगणावर नेऊन तोंडातून वाफ काढायला लावायचो आणि मग पुस्तक उघडायचो. तू माझ्याच वर्गात होतास, आणि घरी दादा, शाळेत गुरुजी म्हणताना तुझी तारांबळ उडायची. एकदा भर वर्गात "दादा, शू" म्हणालास.

चौदा दिवस उरले आहेत.

दादा

—

दहिवली
९ जानेवारी २०२५

चि. मनोज यास,

कार्ड नाही, फोन नाही. तेव्हा आता सरळ लिहितो.

२८ डिसेंबर २०१३ ला तारा मी उतरवला. माझ्या हाताने. कागद चांगला होता. तू २९ ला येणार हे मला माहीत होतं, आणि एकटा येणार नाहीस हेही. तू आंब्याकडे बघशील, हे तर सगळ्यात आधी माहीत होतं. तोंडाने "येऊ नका" म्हणायची माझी छाती नव्हती. म्हटलं असतं तर तू वाद घातला असतास, वहिनीने तुझी बाजू घेतली असती. झाडाशी कोण वाद घालणार?

कारण तू विचारणार नाहीस, तरी सांगतो. एक्कावन्नाव्या वर्षी तू लग्न केलंस, तेही खालापूरच्या कचेरीत सह्या करून, आणि मला नंतर कळवलंस. त्याचा राग होता. पण तो मोठा नव्हता. मोठी गोष्ट ही, की तुझी बायको आदिवासी वाडीवरची. आश्रमशाळेत स्वयंपाक करणारी. उपासनेला पहिल्या बाकावर बसणाऱ्या मास्तरांची भावजय म्हणून कोणाला काय सांगू, असं मला झालं.

तीस वर्षं मी वाडीवरच्या पोरांना शिकवलं. डोंगर उतरून येणाऱ्या पोरीचे ओले पाय मी माझ्या टॉवेलने पुसले आहेत. सत्कारात ते लोकांनी सांगितलं, आणि मी मान खाली घालून ऐकलं, नम्र दिसावं म्हणून. आपल्या ओट्यावर तशीच एक बाई यायची वेळ आली तेव्हा मी दोरी सोडली.

मला वाटलं होतं, महिनाभर रुसशील आणि मग एकटा येशील. अकरा वर्षं जातील असं वाटलं नव्हतं. त्यानंतर दर वर्षी तारा लावला आणि दर वर्षी एक जानेवारीला स्वतःच उतरवला, जणू सगळे येऊन गेले. लोकांना तेच दाखवत होतो.

यंदा ते करणार नाही. तू ये. दोघांनी यायचं की कसं, ते तू ठरव.

दादा

—

दहिवली
१४ जानेवारी २०२५

मनोज,

शेवटची ओळ मी "दोघांनी यायचं की कसं, ते तू ठरव" अशी लिहिली. ती आज पुन्हा आठवली. ते ठरवायचं काम माझं होतं, तुझ्यावर ढकललं. असं लिहिल्यावर कोण येईल?

आज संक्रांत. धाऊच्या घरून तिळगूळ आला. चार दिवसांनी कुलूप.

मी असं ठरवलं आहे. उद्या सकाळी तारा उतरवायचा, सोबत घ्यायचा आणि खालापूरला तुमच्या दारात यायचं. बाबा असते तर रागावले असते, तारा कधी घराबाहेर गेलेला नाही. पण तू नियम पाळून बसलास आणि मीही नियम पाळून बसलो तर अठरा तारीख उजाडेल. धाऊला सांगितलं, तर म्हणाला, "जाताव ते ब्येस, पन फोन करून जा की." मी म्हटलं, माझा लागत नाही. त्याच्या फोनवरून करायचं धैर्य झालं नाही. तू नको म्हणाला असतास तर?

हे पत्र टपालात टाकत नाही. हातातच देईन.

दादा

—

दहिवली
१६ जानेवारी २०२५

चि. गोदा हिला,
शांतवन उजागरे याचा सप्रेम सलाम.

तू चौथीपर्यंत शिकलीस असं काल बोलताना म्हणालीस, म्हणून अक्षर मोठं काढलं आहे. सावकाश वाच. कोणाकडून वाचून घेऊ नकोस, मनोजकडूनही नको. धाऊ उद्या कामासाठी खालापूरला जाणार आहे, तो तुझ्याच हातात देईल.

आधी काल माझ्या बाजूने काय झालं ते सांगतो, कारण काल दोन्हीकडून एकदम बोलणं झालं आणि कोणालाच पुरतं कळलं नाही.

नऊ वाजता धाऊने तारा उतरवला. तो घेऊन मी खोपोलीच्या एसटीत चढलो. तीन फुटांचा तारा, कुठे धरू आणि कुठे नको. कंडक्टर म्हणाला, "बाबा, पंच्याहत्तरीच्या वर तुम्ही फुकट. ह्याचं वय काय?" मी म्हटलं, "कामट्या साठीच्या आहेत, कागद दीड महिन्याचा." तो म्हणाला, "मग हाफ लागेल," आणि पुढे गेला. तिकीट घेतलं नाही. खोपोलीहून रिक्षा करून खालापूरला तुमच्या दारात बारा वाजता पोचलो. दाराला कुलूप.

शेजारच्या झिनतबाई बाहेर आल्या. मी नाव सांगितलं, तर त्यांनी ओढणी तोंडावर धरली. "अगो माझे आई! तुमी मनोजभाऊंचे दादा? ते दोघं तर दहाला तुमच्याकडंच गेले ना, निलेशच्या रिक्षानं!"

तिथेच पायरीवर बसलो. माझ्या मनात एकच आलं: मनोज आंबा बघणार. रिकामा. दुसऱ्यांदा.

झिनतबाईंनी तुला फोन लावून दिला. तुझा आवाज मी पहिल्यांदा ऐकला. तू म्हणालीस, "आमी तुमच्या वट्यावं बसलोय. म्हंजे मी बसलेय. ह्ये रिक्षात बसून मागारी ग्येले."

मी विचारलं, का.

"काय म्हाईत. आंब्याकडं बगितलं आन् तोंड उतरलं. म्हनले, चल, दादा घरी नाय. मी म्हनलं, कुलूप हाय म्हंजे मानूस कुटं तरी ग्येलंय, यील की. झाडाकडं काय बगताय? तर म्हनले, तुला नाय कळायचं. म्हनलं, नाय कळत तर नाय, मी बसते. मांगल्या टायमाला बी असंच, दारातनं परत नेली मला. तवा बी दादा घरी नव्हते म्हनं."

झिनतबाईंनी माझ्या हातातला फोन काढून घेतला. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याला ऊन लागलं. त्यांच्या अकरमने टेंपो काढला आणि मला घेऊन निघाला. वाटेत तो ताडगूळ, मुलांची शाळा, टोलनाक्यावरची गर्दी असं काय काय बोलत होता, मी नुसतं हूं हूं करत होतो. तारा झिनतबाईंच्या पलंगावर तसाच राहिला.

मी पोचलो तेव्हा मनोज परत आलेला होता. पळसदरीला निलेशने रिक्षा थांबवून विचारलं म्हणे, "काका, काकीला ठेवून कुठं निघालो आपण?" तेव्हा त्याने मागे फिरवली. मला बघून पहिलं वाक्य काय बोलला ते तू ऐकलंसच. "दादा, तारा कुठाय?" मी म्हटलं, "तुझ्या घरी." तो मुलासारखा हसायला लागला, डोळे पुसत. तू म्हणालीस, "दोगं बी येडं."

आत आल्यावर मी तुला म्हटलं, चहा टाकतेस का. तू चटई ओढून बसलीस आणि म्हणालीस, "पयल्यांदा आलेय दादा. पावनी हाय मी. च्या तुमी करा." मी केला. साखर जास्त झाली, तू सांगितलंस.

सगळं चांगलं झालं. इथे हे पत्र थांबलं असतं. पण जाताना तू भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणालीस, "तवा तुमी घरी घावला असता तर जाऊबाईंला बी बगाया मिळालं असतं. लई गुनाच्या हुत्या म्हनं."

मनोजने माझ्याकडे पाहिलं नाही. चपला घालत होता, त्यात त्याने उगाच वेळ लावला.

गोदा, मी घरी होतो.

आमच्या घरची रीत अशी, की झाडावर तारा असला तर येणाऱ्याची वाट बघतात, आणि नसला तर कोणाची बघत नाहीत. तू येणार हे कळल्यावर मी आदल्या दिवशी तारा उतरवला. तू वाडीवरची म्हणून. दुसरं काही कारण नव्हतं. मनोजला झाड बघताच कळलं. त्याने तुला ते सांगितलं नाही, दादा घरी नाहीत म्हणाला, आणि अकरा वर्षं तेच सांगत राहिला. तुला वाईट वाटू नये म्हणून त्याने ते केलं असेल. पण त्यात माझी अब्रूही राखली गेली, आणि मी ती राखून घेतली.

एवढं मी मनोजला लिहिलं होतं. त्यालाही जे लिहिलं नाही ते आता लिहितो. तुमची रिक्षा थांबली तेव्हा मी खिडकीशी उभा होतो. तुझी साडी हिरवी होती. मांडीवर स्टीलचा डबा होता, वर फडकं बांधलेलं. तू एक पाय खाली टाकला होतास. मनोज काही बोलला आणि तू पाय आत घेतलास, डबा सावरलास, आणि रिक्षा वळली. मला हाक मारायला पुष्कळ वेळ होता. तुझी जाऊबाई आत करंज्या भरत होती. तिला मी रिक्षा आल्याचं सांगितलं नाही. तुमची दोघींची भेट झाली नाही ती माझ्यामुळे, आणि ती आता होणार नाही.

मुलांना मी शिकवायचो, चूक कबूल केली की मन हलकं होतं. मुलांना बरं वाटावं म्हणून सांगायचो. तसं काही होत नाही. लिहून झालं तरी डबा तसाच मांडीवर दिसतो. त्यात काय होतं, हेही मी काल विचारू शकलो नाही.

क्षमा माग असं मला कोणी सांगितलेलं नाही. मी मागतो आहे. देणं न देणं तुझ्याकडे.

झिनतबाईंकडून तारा घेऊन जा. नियमाने शेवटी येणाऱ्याने उतरवायचा असतो, म्हणजे काल तो तू उतरवायला हवा होतास. मी पुन्हा एकदा तुझ्या आधी उतरवून बसलो. आता तो तुमच्याकडेच राहू दे. कागद फाटला तर खळ गव्हाच्या पिठाची कर. होल्डर सैल आहे, ते मनोज बघेल.

परवा, अठराला, रोहिणी दहाला गाडी घेऊन येते. मनोज निरोप द्यायला येतो म्हणाला आहे, त्याला येऊ दे. तू यावंस असं मी म्हणणार नाही. मला वाटतं खूप, पण म्हणणार नाही.

पुढच्या नाताळाला मला खालापूरला बोलवायचं की नाही, ते तू ठरव. मनोजने नाही. बोलावलंस तर चालत यावं लागलं तरी येईन. नाही बोलावलंस तर मनोजला काय सांगायचं याची चिंता करू नकोस. मी त्याला कळवेन की तब्येत बरी नव्हती, मलाच जमलं नाही.

तुझा दीर,
शांतवन